खालचे तीन सूर

हिंदुराव मास्तरांनी छडीनं हवेत रेघ ओढली आणि पुन्हा तेच सांगितलं, "अर्जुना, सेकंड."

अर्जुनानं युफोनियमला लावलेले ओठ काढले नाहीत. काढले असते तर शिवी बाहेर आली असती.

रहिमतपुरात चांदसाहेबांच्या बँडची तालीम तंबाखूच्या जुन्या वखारीत चाले. तंबाखू जाऊन काही वर्षं झाली होती, वास गेला नव्हता. क्लॅरिनेटवाले मधूनच शिंकायचे आणि मास्तर त्यांच्याकडे असे बघायचे, जणू शिंकही तालात यायला हवी होती. १९६६ सालचा मार्च संपत आला होता. वरचा पत्रा तापून तडतडत होता. युफोनियम, म्हणजे ते जाड आवाजाचं मोठं पितळी वाद्य, छातीशी धरून अर्जुना शेवटच्या रांगेत उभा होता आणि त्याला सगळ्यात जास्त राग त्या रांगेचाच होता.

मास्तर येण्याआधी हा बँड सोपा होता. गाण्याची चाल एक, ती सगळ्यांना पाठ. ढोल सुरू झाला की सगळ्यांनी मिळून तीच चाल फुंकायची. कुणी मागं राहिला तर पुढच्या ओळीला गाठायचं. आवाज असा निघे की कोरेगावच्या रस्त्यावर बैल बुजत. मग साताऱ्याच्या एका वकिलांच्या घरचं लग्न झालं. वकीलसाहेबांनी कुठं तरी पलटणीचा बँड ऐकला होता. ते चांदसाहेबांना पाहुण्यांसमोर म्हणाले, "तुमचे सगळे मिळून एकच बोंब मारतात हो." चांदसाहेबांना ते फार लागलं. पलटणीच्या बँडातून पेन्शनीत आलेले हिंदुराव शेजारच्या गावी घरी बसून होते. त्यांना ते मास्तर म्हणून घेऊन आले.

पहिल्याच दिवशी मास्तरांनी गाणं काढून घेतलं. सगळ्यांकडून काढून एकट्या बशीरला दिलं. बशीर चांदसाहेबांचा मुलगा, क्लॅरिनेटवर त्याचा हात चांगला.

"ह्यानं फस्ट वाजवायचं. म्हंजी गाणं," मास्तर म्हणाले. "बाकीच्यांनी सेकंड. म्हंजी ह्याच्यासंगं चालायचं. पाऊल त्याच्या पावलाला लावायचं, पण वाट खालची. तो थांबला की थांबा, तो निघाला की निघा. त्याचा सूर वर, तुमचा खाली."

"म्हंजी आमी येगळंच वाजवायचं?" ट्रम्पेटवाल्या कृष्णातनं विचारलं.

"येगळं न्हाई. त्याचंच गाणं. खालनं."

"खालनं कसं वाजवत्यात, मास्तर? वाकून?"

वखार हसली. मास्तर हसले नाहीत.

सगळा पावसाळा त्यात गेला. कुणालाच आपला सूर सांभाळता येईना. शेजारचा गाणं वाजवतोय म्हटल्यावर तोंड आपोआप तिकडं वळे. उतारावर सोडलेली गाडी जशी आपली आपण रस्त्याला लागते, तसे सगळे चालीवर जाऊन पोचत. फक्त अर्जुना पोचत नसे. तो आपल्या खालच्या सुरावर पाय रोवून उभा राही. ओळीच्या शेवटी बशीर लांब सूर धरायचा आणि दम घ्यायला थांबायचा. तेवढ्या जागेत अर्जुनाचे तीन सूर पायरी पायरीनं खाली उतरत. तिसऱ्याला बशीर पुढची ओळ उचली. दिवाळीच्या आसपास एके दिवशी सगळं जमलं. दारात चहाचा पेला घेऊन उभे असलेले चांदसाहेब चहा प्यायचे विसरले. इतके दिवस गाणं नुसतं हवेत होतं. आता त्याच्या खाली जमीन आली होती.

ते अर्जुनालाही कळलं होतं. पण त्यानंतर मास्तरांनी युफोनियमला मधल्या रांगेतून उचलून शेवटच्या रांगेत नेलं. का, ते सांगितलं नाही. आणि अर्जुनानं ही गोष्ट घरी सांगितली नाही.

घरी सांगण्यासारखी ती नव्हतीच. त्याचा बाप नाथाजी गावच्या लग्नांत डोक्यावर बत्ती घेऊन वरातीच्या कडेनं चालायचा. ते गावकीचं काम होतं. उजेड नवरदेवावर पडायचा, बत्तीखाली नाथाजीचं तोंड अंधारात. छप्पन साली बौद्ध झाल्यावर त्यानं बत्ती उचलली नाही. गावानं त्यापायी बरंच काही बंद करून बघितलं. त्यानं उचलली नाही ती नाहीच. अर्जुना बँडात जातो म्हणाला तेव्हा बापानं एकच विचारलं होतं.

"वाजवताना उभा कुठं ऱ्हाणार?"

"मधल्या रांगेत."

"मागं न्हाई न्हवं?"

"न्हाई."

आणि आता मिरजेची जयंती आली होती. अर्जुनाचा सासरा आकाराम मिरजेला रेल्वेत खलाशी होता आणि जयंतीच्या कमिटीवर होता. सुपारी द्यायला तो स्वतः गाडीनं रहिमतपुरास आला आणि वखारीच्या दारातच मोठ्यानं म्हणाला, "जावईबापू, दुसऱ्याच बँडचं नाव निघालं हुतं. म्या म्हनलं, गप बसा. आमचा जावई हाय रहिमतपूरच्या बँडात. मिरवणुकीत सगळ्यांना दावतो तुमाला."

तो गेल्यावर अर्जुना मास्तरांपुढं जाऊन उभा राहिला. मास्तर छडीला तेल लावत होते.

"मास्तर, जयंतीला एक दिवस मला फस्ट द्या. बशीरची हरकत न्हाई."

"माझी कसली हरकत?" बशीर लांबून म्हणाला. "तेवढीच ओठाला सुट्टी."

"न्हाई," मास्तर म्हणाले.

"का?"

"का म्हणून इचारायचं नसतं."

"पलटणीत नसंल. हितं इचारत्यात."

"न्हाई म्हंजी न्हाई. तुझा पार्ट सेकंड."

छडीवरचं तेल पुसून मास्तर उठले. अर्जुना तिथंच उभा राहिला. न मागता मिळालेली, कारण न सांगता दिलेली जागा त्याच्या घरात कुणाला नवी नव्हती. त्याच्या आज्याला अशीच दिली होती, बापाला अशीच दिली होती. देणाऱ्यांची आडनावं हिंदुरावांच्या आडनावासारखीच होती. फरक एवढाच, की ह्या खेपेला अंगात लाल कोट आणि डोक्यावर झुपकेदार टोपी होती.

चौदा एप्रिलला उन्हं कलल्यावर मिरवणूक निघाली. पुढं फुलांनी सजवलेल्या बैलगाडीत बाबासाहेबांची तसबीर, मागं बँड, त्याच्या मागं निळे झेंडे आणि पांढऱ्या लुगड्यांतल्या बायका. निघण्याआधी सगळ्यांनी उभं राहून वंदना म्हटली. एकानं पुढं म्हटलं, शेकडो तोंडांनी तेच शब्द एकाच वेळी मागं म्हटले. पुढचा कोण नि मागचे कोण, हे थोड्या वेळानं कळेनासं झालं. हात जोडून उभ्या असलेल्या अर्जुनाचा राग तेवढ्यापुरता निवळला. मग मास्तरांनी छडी वर केली आणि तो परत शेवटच्या रांगेत गेला.

बँडनं वस्तीतल्याच एका पोरानं रचलेलं जयंतीचं गाणं उचललं. बशीरचं क्लॅरिनेट वर चढलं, बाकीचे खाली. पहिल्या चौकात आकाराम आपल्या गोतावळ्यासह उभा होता. अर्जुनाची बायको बना चुलत्या-मावशांच्या घोळक्यात होती. आकारामनं हात लांब करून बोट दाखवलं, "ते बघा, आमचं जावई. ते मोठं वाद्य."

रांगा जवळ आल्या. कपाळावर हात धरून बघणाऱ्या एका म्हाताऱ्या आत्यानं सरळ विचारलं, "आरं पर हे नुसतं पोंव पोंवच करतंय की. म्होरचं पोरगं बघ कसं गाणं म्हनतंय. ह्याला गाणं येत न्हाई व्हय रं?"

"येतंय की," आकाराम म्हणाला.

"मग वाजवंना का? दिलं न्हाई व्हय त्याला?"

कुणी तरी फिसकन हसलं. आकारामचं बोट अजून लांबच होतं. ते त्यानं हळूच खाली घेतलं. बनानं पदर तोंडाला लावून मान फिरवली. अर्जुनानं हे सगळं पितळेच्या कडेवरून पाहिलं.

ओळीचा शेवट आला. बशीरनं लांब सूर धरला. अर्जुनानं छाती भरून घेतली आणि खाली उतरायच्या ऐवजी वर चढला. युफोनियममधून गाणं बाहेर पडलं, जाड, रुंद, क्लॅरिनेटला झाकून टाकणारं.

मास्तर गर्रकन वळले. अर्जुनानं त्यांच्या डोळ्याला डोळा दिला आणि आणखी जोरानं फुंकलं.

मग ते झालंच. शेजारी वाजवणाऱ्या सिद्धूचा पाय आधी खालच्या सुरावरून सुटला. त्याच्या मागं कृष्णातचा ट्रम्पेट, मग एकेक करत सगळा बँड. नऊ-दहा महिन्यांची तालीम दोन ओळींत रस्त्यावर सांडली आणि रहिमतपूरचा जुना बँड मिरजेच्या चौकात उभा राहिला. लोक खूश झाले. आता गाणं ओळखू येत होतं, तोंडानं म्हणता येत होतं. पोरं नाचू लागली. आकारामनं फेटा काढून गरगर फिरवला. म्हातारी आत्या म्हणाली, "आत्ता कसं!"

मास्तरांनी छडी बगलेत मारली. मिरवणूक संपेपर्यंत ते बँडच्या कडेनं चालत राहिले. छडी पुन्हा वर गेली नाही आणि कुणाला तिची गरजही लागली नाही.

अर्जुनानं एवढं मिळवलं होतं. पण दुसऱ्या चौकाच्या अलीकडं एक गोष्ट त्याच्या कानाला खुपली. ओळ संपली की सगळ्यांचा दम एकाच जागी संपत होता. सगळे एकदम श्वास घेत होते आणि गाण्यात भोक पडत होतं. ढोल वाजत होता, वर काहीच नव्हतं. त्याच जागी लोक 'जय!' म्हणून ओरडत होते, म्हणून भोक कुणाला दिसलं नाही. अर्जुनाला दिसलं. ते त्याच्या तीन सुरांच्या मापाचं होतं. प्रत्येक ओळीनंतर ते यायचं आणि प्रत्येक वेळी त्याला राग यायचा. शेवटी शेवटी बशीरनंही मागं वळून पाहिलं. 'कुठं गेलास?' असं विचारणारी ती नजर होती. त्याला उत्तर द्यायला अर्जुनाचं तोंड मोकळं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिरज स्टेशनच्या फलाटावर सगळे पुण्याच्या गाडीची वाट बघत बसले होते. ढोलावर टोप्यांची चळत होती. चांदसाहेब समाधानी होते.

"पब्लिक खूश, मास्तर. कमिटी खूश. पुढल्या सालाची बी सुपारी देतो म्हनले."

"झाक झालं," मास्तर म्हणाले. "मग माझं काम न्हाई. बोंब मारायला मास्तर कशाला लागतोय? रहिमतपुरात उतरलं की मी माझ्या गावाला जातो."

"आवं, असं काय करता? पोरगं चुकलं..."

"चुकलं न्हाई, चाचा," अर्जुना उठून म्हणाला. "जाणून केलं. आन मास्तर, जायाच्या आधी उत्तर द्या. मला खाली का घातलं?"

"तुला सांगायला मी बांधलेला न्हाई."

"बांधल्यालंच हाय. तुमी मधल्या रांगेतनं मला शेवटाला न्हेलं. सगळ्यांम्होरं न्हेलं. मग सांगा बी सगळ्यांम्होरं."

हमाल थांबून बघू लागले. मास्तरांच्या मानेची शीर उभी राहिली.

"मी अठरा वर्सं सेकंड वाजवलं! अठरा! माझं नाव कुणी इचारलं न्हाई. मला बी फस्ट पायजे हुतं. दिलं न्हाई. मी गप वाजवलं."

"तुमी का इचारलं न्हाई?"

"हुकूम हुता!"

"मग तुमचा राग तिकडं काढायचा हुता. माझ्यावर का काढताय?"

मास्तरांचा हात छडीवर घट्ट झाला. क्षणभर वाटलं, ती आता उठते. ती उठली नाही. ते एकेक शब्द दातांत धरून बोलले.

"ह्या समद्यांकडं बघ. ह्यो कृष्णात. शेजारी गाणं लागलं की ह्यो कुत्र्यावानी तिकडं पळतो. सिद्धू तसाच. बशीरला फस्ट दिलं कारण त्याला दुसरं काय जमत न्हाई. कानात एक वाजत असताना तोंडानं दुसरं वाजवायचं, आन तरी त्याच्याच पावलात चालायचं, हे ह्या बँडात एकट्याला जमतंय. शेवटाला न्हेलं कारण तुझा सूर समद्यांच्या पाठीवर पडाया पायजे. बास? झालं समाधान?"

"कुत्र्यावानी काय, मास्तर," कृष्णात पुटपुटला.

अर्जुनाचा राग उतरायला हवा होता. तो वाढला.

"हे तुमी वखारीत सांगितलं असतं तर मी जल्मभर पोंव पोंव केलं असतं. एवढं एक वाक्य. त्येला काय पडत हुतं तुमाला? गप ऱ्हायलात. आमच्यात असं गप ऱ्हाऊन दिल्याल्या जागेचा अर्थ एकच हुतो. तुमी ह्याच मुलखातलं हाय, तुमाला ठावं न्हाई असं म्हनू नका."

मास्तर रुळांकडं बघू लागले.

"आत्ता सांगितलं ते माझ्या बापाम्होरं सांगा," अर्जुना म्हणाला. "वस्तीत येऊन."

"सांगीन. मी काय भितो व्हय?" मास्तर म्हणाले, आणि गाडी आली.

नाथाजी दारापुढच्या लिंबाखाली खुरप्याला मूठ बसवत होता. लाल कोटातली दोन माणसं येताना पाहून त्यानं खुरपं बाजूला ठेवलं. "जयभीम, मास्तर. बसा." मास्तर उभेच राहिले आणि फलाटावर जे बोलले होते ते त्यांनी परेडवर हुकूम वाचावा तसं सरळ उभं राहून बोलून टाकलं. युफोनियम शेवटच्या रांगेत आहे. कारण तो वाजवणारा सगळ्यांत भक्कम आहे. त्याच्याबिगर वरचं गाणं उभं राहत नाही.

नाथाजीनं पुरं ऐकून घेतलं. शेवटची रांग हे शब्द आले तेव्हा त्यानं एकदा पोराकडं पाहिलं, तेवढंच.

"मास्तर," तो म्हणाला, "तुमी खरं बोलताय. पर हे म्या आधी ऐकलंय. बत्तीबिगर वरात दिसत न्हाई, नाथाजी, तुझ्याबिगर नवरदेवाचं तोंड बी कळायचं न्हाई. पाटील लय ग्वाड बोलायचा. दर लग्नाला बोलायचा."

मास्तरांचं तोंड उतरलं. "तसं न्हाई हे," ते म्हणाले. "हे... बाजाचं हाय. सुरांचं."

"असंल. मला सुरांतलं कळत न्हाई. म्या एकच इचारतो. बत्ती कवा कुणी माझ्या डोक्यावरनं घेतली न्हाई. पाटलाच्या पोरानं एक रात बत्ती धरली आन म्या घोड्याम्होरं चाललो, असं कवा झालं न्हाई. तुमच्या बाजात हुतं का तसं?"

"बशीरला सेकंड झेपायचं न्हाई."

"मग शिकवा की. तुमी मास्तर हाय न्हवं?"

मास्तर छडीच्या टोकानं मातीत रेघा ओढत राहिले. मग त्यांनी त्या रेघा बुटानं पुसल्या.

"अठरा वर्सांत हे माझ्यासाठी कुणी केलं न्हाई," ते म्हणाले. आवाजात रागच होता, पण तो आता कुणावर आहे ते सांगता आलं नसतं. "सांजच्याला तालमीला ये."

ते गेल्यावर नाथाजी पोराला म्हणाला, "मधल्या रांगेत हाय म्हनला हुतास."

"आधी हुतो."

"मग सांगायचं."

त्यानं खुरपं परत मांडीवर घेतलं.

संध्याकाळी वखारीत मास्तरांनी चांदसाहेबांनाही न विचारता बशीरला शेवटच्या रांगेत नेलं आणि अर्जुनाला पुढं उभं केलं. "दर शुक्रवारी फस्ट तुझं, बाकीचे दिवस ठरवू," एवढंच बोलले. बशीर हसत मागं गेला. युफोनियमचे खालचे सूर त्यानं क्लॅरिनेटवर घ्यायचे होते.

"त्यात काय हाय? तीन तर सूर."

अर्जुनानं गाणं उचललं. युफोनियमवर गाणं घेऊन पुढं चालायला त्याला बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलायचं. ओळ संपली. त्यानं लांब सूर धरला, दम संपत आला आणि खालच्या पायऱ्यांसाठी त्यानं कान मागं लावला. पहिला सूर आला. दुसरा आला. तिसऱ्याला बशीर घसरला आणि थेट अर्जुनाच्याच सुरावर येऊन चिकटला. पुढची ओळ उचलायला पायाखाली काही उरलं नाही.

अर्जुनानं ओठ काढले, वळला आणि सगळ्या वखारीला ऐकू जाईल असा ओरडला.

"आरं खाली ऱ्हा की रं, भडव्या! वर कुठं येतुयास?"

चांदसाहेबांच्या हातातला पेला हलला. कृष्णात खो खो हसायला लागला. बशीर शरमेनं लाल होऊन म्हणाला, "येतंय, गड्या, थांब की. कान तिकडंच वढतोय."

"मग वढू दे. तू खाली ऱ्हा."

मास्तरांनी छडी पत्र्याच्या डब्यावर आपटली.

"परत," ते म्हणाले. "बशीर, सेकंड."